हार्लनची मिशी

ओर्फा पर्सेलने त्या दिवशी सकाळपासून मुलाची पाठ सोडली नव्हती. एसा घोड्यांना पाणी पाजायला निघाला की ती बादली घेऊन मागे. तो लाकडं फोडायला बसला की ही ढलप्या गोळा करायला हजर. शेवटी तो वैतागला, कुऱ्हाड ओंडक्यात रोवून तिच्यासमोर येऊन उभा राहिला, आणि आपले ओठ तिला नीट दिसावेत म्हणून हॅट मागे सारून म्हणाला, "आई, मी काय दूधपितं वासरू आहे?"

"मीपण येणार सिनेमाला."

"तुला काय कळणार त्यात?"

"तुम्हाला तरी काय ऐकू येणार आहे? मुकाच असतो की तो. माझ्यासारखीची सोयच झाली."

एसा हसला नाही. एरवी हसला असता.

ओर्फाचे कान नवव्या वर्षी लाल तापात गेले. तोवर ती बोलायला शिकलेली होती, त्यामुळे बोलणं राहिलं, फक्त आवाजाचा लगाम सुटला. आपण कुजबुजतोय की ओरडतोय, हे तिला स्वतःला कळायचं नाही. दुसऱ्यांचं बोलणं ती ओठांवरून वाचायची, आणि इतकं सफाईने वाचायची, की ड्राय फोर्कच्या खोऱ्यात चर्चमध्येसुद्धा बायका तिच्याकडे पाठ करूनच एकमेकींच्या चुगल्या सांगत.

त्या सकाळी तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाचलं, ते वाचलं नसतं तर बरं झालं असतं. एसा कुंपणाशी त्याच्या काकाशी, हार्लनशी, बोलत उभा होता. त्याचं तोंड खिडकीकडे होतं. "आजच," तो म्हणाला. "खेळ सुटला की शेडच्या दारात. अंधारातून उन्हात आला की टोब मॅब्रीचे डोळे दिपतील. तेवढा वेळ पुरे मला."

हार्लनने काय उत्तर दिलं, ते तिला कळलं नाही. हार्लन काय बोलतो ते तिला कधीच कळलेलं नव्हतं. तिचा नवरा ज्यूबल घोड्यावरून पडून गेला तेव्हापासून हा धाकटा दीर तिच्या घरात राबत होता, तिची दोन्ही पोरं त्यानेच मोठी केली, स्वतः लग्न केलं नाही. पण त्याचा एक शब्द तिने कधी वाचला असेल तर शपथ. त्याला मिशी होती, केरसुणीएवढी. वरचा ओठ तर तिने झाकलाच होता, खालचाही नावापुरताच दिसायचा. त्याला काही सांगायचं असलं की तो पोरांना सांगे आणि पोरं आईला सांगत. "काका म्हणतो, मीठ संपलंय." "काका म्हणतो, भाकरी छान झालीये." दोघांचा संसार नव्हता, पण घर मात्र दोघांचं होतं.

पोरांपैकी आता एकच उरला होता. मोठा डेल मागच्या वसंतात गेला. मॅब्री आणि पर्सेल या दोन घराण्यांचं झऱ्याच्या पाण्यावरून वैर होतं, ते ओर्फाच्या सासऱ्याच्या काळापासून. झरा आटत आला तरी वैर आटेना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात तसं. मागच्या वसंतात गुरं पाण्यावर आणताना दोन्हीकडच्या माणसांनी बंदुका काढल्या. गुरं उधळली, धुळीत हाताला हात दिसेना, आणि धूळ बसली तेव्हा डेल पालथा पडलेला होता. पलीकडच्या काठावर टोब मॅब्री बंदूक घेऊन उभा दिसला, म्हणजे त्यानेच मारलं असं ठरलं. मॅब्री शपथेवर सांगत होते, की टोबच्या बंदुकीत गोळी अडकली होती, सुटलीच नाही. पण मॅब्रींच्या शपथेला पर्सेलांच्या घरात कोण विचारतो? मग मॅब्रींची गवताची गंजी जळली. मग पर्सेलांच्या गायी कड्याखाली सापडल्या.

ओर्फाला गायींशी काही देणंघेणं नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की एसाने आज टोबला मारलं तर एक तर तिथल्या तिथे मॅब्री त्याची चाळण करतील, नाहीतर सरकार फासावर चढवील. दोन्हीकडून तिची कूस रिकामी. शेरीफ एका दिवसाच्या वाटेवर. मॅब्रींना सावध करावं, तर ते आधी एसालाच टिपतील. आणि एसाला समजवावं म्हटलं, तर तो सरळ पाठ फिरवायचा. बहिऱ्या आईशी वाद घालायचा नसला की लेकराला एवढंच करावं लागतं.

तेव्हा तिने ठरवलं, की आपण बरोबर जायचं आणि त्याचा हात धरून बसायचं. खेळ सुटल्यावरही हात सोडायचा नाही. आईला मनगटाला लटकवून कुणी पिस्तूल झाडत नाही. याहून मोठी मसलत तिच्याजवळ नव्हती.

गाडी जुंपायला गेली तर मागच्या चाकाची खीळ गायब. हार्लन शेजारीच उभा राहून जमिनीकडे बघत होता.

"तू काढलीस," ओर्फा म्हणाली. "तुला वाटतं मी घरी बसावं आणि तुम्ही दोघांनी जाऊन मुडदा पाडावा. होय ना?"

मिशी थोडी हलली. काय म्हणाला देव जाणे.

"वीस वर्षं माझ्या ताटात जेवलास, हार्लन. माझं एक पोर मातीत गेलं. दुसऱ्याला तरी अडव."

त्याने खिशातून खीळ काढली, चाकात घातली, आणि घोड्यावर बसला.

सिनेमाचं असं झालं होतं, की डेल गेला त्याच वर्षी उन्हाळ्यात पाऊस पडला नाही. वासरं उभ्या उभ्या पडू लागली. त्यात ही सिनेमावाली मंडळी कॅलिफोर्नियाकडून रेल्वेने येऊन उतरली. त्यांना दोन घराण्यांच्या वैराची गोष्ट काढायची होती आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की अ‍ॅरिझोनात वैराला तोटा नाही. डायरेक्टर हा उंच बुटातला, गोरटेला, कर्णा घेऊन फिरणारा गडी. त्याने पर्सेलांना एका घराण्यात घेतलं, मॅब्रींना दुसऱ्या. रोजचे पैसे, दोन वेळचं जेवण आणि बीफ हवं तेवढं. पोट भुकेलं असलं की अब्रूचा आवाज बारीक होतो. दोन्ही घरची माणसं गेली. दोघांकडची काडतुसं रोज सकाळी एका पेटीत कुलूपबंद व्हायची आणि सिनेमावाल्यांच्या नुसता धूर काढणाऱ्या बंदुका हातात मिळायच्या.

हार्लनला त्यांनी घराण्याचा म्होरक्या केलं. फक्त अट एक, की मिशी काढायची, कारण गोष्टीतल्या दुष्ट माणसाला मिशी होती आणि दोन मिशांत बघणारे घोटाळतील. हार्लन मिशी काढायला तयार झाला, याचं सगळ्या खोऱ्याला नवल वाटलं. ओर्फाला ते तोंड बघायचं होतं, पण ती सिनेमावाल्यांच्या तंबूत घेवडे शिजवायला होती, आणि चित्रण आटोपलं तसा हार्लन घरी न येता वरच्या कुरणातल्या झोपडीत जाऊन राहिला. बोडक्या तोंडाची लाज वाटते त्याला, असं म्हणून एसा हसला होता. ओर्फाने आठवड्याला पिठाची पिशवी आणि वाळवलेल्या पीचचं सारण पाठवलं. पानगळीनंतर तो उतरला तेव्हा मिशी पूर्वीसारखी झाली होती.

आणि आता वर्ष व्हायला आलं तेव्हा फोगर्टी नावाचा फिरता खेळवाला तो सिनेमा घेऊन आला. रेल्वेच्या कडेला चाऱ्याची शेड होती, तिच्या खिडक्यांवर घोड्यांच्या घोंगड्या टांगल्या, समोर हॉटेलातली चादर ताणली, एका कोपऱ्यात पियानो. शनिवारची दुपार. सगळं खोरं लोटलं होतं, कारण आपलं तोंड चादरीवर कसं दिसतं हे बघायची हौस कुणाला नसते? मधून वाट ठेवली होती. डावीकडे पर्सेल, उजवीकडे मॅब्री, लग्नात वधूवरांची माणसं बसतात तशी.

एसाला वाटेकडची जागा हवी होती. ओर्फा आधी जाऊन तिथे बसली आणि त्याला आत ढकललं. मग त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. कोटाच्या आत, बरगडीशी, काहीतरी कठीण तिच्या कोपराला लागलं.

"सोड, आई. लोक बघताहेत."

"बघू देत."

हार्लन त्यांच्या पुढच्याच बाकावर बसला. वाटेच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर, टोब मॅब्री शेंगा खात होता. बावीस-तेवीसचा पोरगा, डेलच्या वयाचा. त्याचे कान हॅटच्या बाहेर आले होते. तो शेजारच्या पोरीला काहीतरी सांगून स्वतःच हसत होता. ओर्फाने इतके दिवस त्याच्या नावाने बोटं मोडली होती, पण आज तिला त्याच्याकडे बघवेना. आणखी एक-दोन तासांनी हा असाच हसत दारातून बाहेर पडणार होता.

शेड अंधारली आणि खेळ सुरू झाला.

पहिल्या रिळात विशेष काही नव्हतं. गुरं, धूळ, झरा. कुणाचा कुत्रा दिसला की लोकांचे खांदे गदगदायचे, कुणाची म्हातारी दिसली की माना तिच्याकडे वळायच्या. अधूनमधून पाटी यायची, ती शाळेची बाई उठून मोठ्याने वाचायची, कारण निम्म्यांना अक्षर लागत नव्हतं. ओर्फाचं लक्ष चादरीवर नव्हतंच. तिच्या बोटांखाली एसाची नाडी उडत होती, ती तेवढी तिला कळत होती.

दुसऱ्या रिळात दोन घराण्यांचे म्होरके समोरासमोर आले. मॅब्रींचा म्होरक्या म्हातारा एबेन पाठमोरा होता आणि त्याने हार्लनची कॉलर धरली होती. हार्लनचं तोंड चादरीएवढं मोठं झालं, आणि शेडमधल्या सगळ्या पाठी हसून वाकल्या. मिशी नसलेला हार्लन! सोललेल्या बटाट्यासारखा वरचा ओठ, पांढराफटक. एसासुद्धा क्षणभर हसला. तिला त्याचं मनगट हललेलं कळलं.

ओर्फा हसली नाही. वीस वर्षांत प्रथमच तिला हार्लनचे ओठ दिसत होते, आणि ते बोलत होते.

या सिनेमांची एक रीत होती. ती चित्रणाच्या वेळी सगळ्यांनी पाहिली होती. डायरेक्टर कर्ण्यातून ओरडायचा, की शिव्या द्या, ओव्या म्हणा, काय वाटेल ते बोला, इथे कोण ऐकणार आहे? ओठ हलले की बस्स. मागे पन्नास माणसं त्याच्याच हुकमाने आरडाओरडा करत, वारा सुटलेला, यंत्राची खडखड. दोघे नाकाला नाक लावून काय बोलतात ते तिसऱ्याला कळायची सोयच नव्हती.

हार्लनचे ओठ 'डेल' म्हणाले.

तो शब्द ओर्फाने कुठेही ओळखला असता. जगातल्या कुठल्याही तोंडावर, कुठल्याही अंधारात. जीभ दातांमागे टेकते, तोंड जरासं उघडतं, पुन्हा टेकते. मग आणखी काही शब्द गेले, ते तिला धरता आले नाहीत, कारण नव्या माणसाचं तोंड वाचायला वेळ लागतो. मग, "माझीच गोळी, एबेन. माझीच."

आणि पाटी आली. 'या खोऱ्यात एक तर तू राहशील, नाहीतर मी!' लोकांनी टाळ्या पिटल्या.

भास झाला असेल, ओर्फा स्वतःला म्हणाली. पोर गेल्यापासून कुठेही त्याचं नाव दिसतं आपल्याला. तिने पुढे पाहिलं. हार्लन चादरीकडे बघतच नव्हता. बाकावर अर्धा वळून तो तिच्याकडे बघत होता. चादरीवरून परतलेल्या उजेडात त्याचे डोळे तिला दिसले, आणि गाडीची खीळ त्याने कशासाठी काढली होती ते तिला समजलं. खून करायला मोकळीक हवी म्हणून नव्हे. तिने हा सिनेमा बघू नये म्हणून.

तरीही ती मनात देवाला विनवत होती, की चुकले असेन, मला चुकू दे.

पण लोकांना चेव आला होता. "पुन्हा दाखव!" एक जण वळून फोगर्टीला म्हणाला, ते तिने वाचलं. "हार्लनचं भादरलेलं थोबाड पुन्हा दाखव!" दुसरा म्हणाला, "पैसे दिलेत आम्ही, दोनदा बघू!" सगळे बाक हलू लागले, पाय आपटले जात होते, तिच्या तळव्यांना ते जाणवलं. फोगर्टी बिचारा पोटार्थी. त्याने हँडल उलटं फिरवलं. चादरीवर एबेनचा हात मागे गेला, गुरं उलटी पळाली, लोक पोट धरधरून हसले, आणि हार्लनचं मोठं तोंड पुन्हा एकदा समोर आलं.

या वेळी तिने पापणी लवू दिली नाही.

"डेलला मी मारलं. धुळीत दिसलं नाही मला. वाटलं, टोब आहे. माझीच गोळी, एबेन. माझीच. घरात सांगता येत नाही आणि पोटात ठेवता येत नाही."

एबेनचा हात कॉलरवरून गळून खाली आला. पुन्हा तीच पाटी, पुन्हा टाळ्या. असा अभिनय बघून डायरेक्टरने त्या दिवशी दोघांच्या पाठी थोपटल्या होत्या म्हणे.

ओर्फाला रडू आलं नाही. आधी आला तो संताप, पायापासून डोक्यापर्यंत. डेल गेला तो अपघाताने गेला, हे तिला पटत होतं. ज्या माणसाने त्याला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली, तो जाणूनबुजून कशाला मारील? पण आज सकाळी याच माणसाने कुंपणाशी उभं राहून एसाचं सगळं ऐकलं होतं. टोबने काही केलेलं नाही हे ठाऊक असून ऐकलं होतं, आणि तोंडातून ब्र काढला नव्हता. स्वतःचं झाकायला तो तिचं दुसरं पोरही द्यायला निघाला होता.

रीळ संपलं. फोगर्टी पुढचं चढवायला लागला आणि कुणीतरी एका खिडकीची घोंगडी वर केली. उन्हाचा पट्टा आत आला. लोक तंबाखू काढत होते, पोरं आळस देत होती. ओर्फाला वाटलं, हीच वेळ. या गलक्यात कुणाला ऐकू जाणार नाही. एसालाही नाही. हार्लनला एकट्याला सांगावं, त्यानेच उठावं आणि पोराला बाहेर नेऊन काय सांगायचं ते सांगावं. घरातली गोष्ट घरात राहील.

ती पुढे वाकली आणि हार्लनच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजली. "डेल तुझ्या गोळीनं गेला. मी वाचलं तुझं तोंड. आता उठ आणि एसाला अडव, नाहीतर तो टोबचा दारात मुडदा पाडील आणि माझं पोर फासावर जाईल."

डेल होता तोवर ही वेळ आली नसती. आईचा आवाज चढला की तो तिच्या मनगटावर दोनदा बोट टेकवायचा. चर्चमध्ये, दुकानात, पाहुण्यांसमोर, लहानपणापासून ते त्याचंच काम होतं. दोन टिचक्या, की ओर्फा आवाज खाली आणायची. डेल गेल्यावर ते काम कुणी घेतलं नाही. आणि पियानोवाला पाणी प्यायला उठला होता, आणि लोक कधीचे गप्प होऊन नव्या रिळाची वाट बघत होते, हे तिला कोण सांगणार?

तिने मान वर केली तर शेडमधलं एकूण एक डोकं तिच्याकडे वळलेलं होतं.

टोबच्या हातातल्या शेंगा सांडल्या. मॅब्रींच्या बाजूची माणसं उठत होती, त्यांचे हात कंबरेकडे चालले होते. ओर्फाने एसाचं मनगट आवळलं, तर तिच्या हातात नुसती बाही. तो उभा राहिला होता. पिस्तूल बाहेर होतं, पण टोबकडे नव्हतं. ते हार्लनच्या छातीवर होतं.

ओर्फाला एका वेळी एकच तोंड वाचता येई. तिने एसाचं पकडलं.

"खोटं आहे म्हण, काका. आईला भास झाला म्हण. म्हण ना!"

तिने हार्लनकडे पाहिलं, तिथे मिशी. पलीकडे म्हातारा एबेन मॅब्री दोन्ही हात पसरून आपल्या माणसांना मागे रेटत होता. "खरं आहे ते," तो म्हणत होता. "त्या दिवशी माझ्या तोंडावर बोलला हा. मी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत? मॅब्रीचं?" ती परत एसाकडे वळेपर्यंत तो आणखी काही बोलून गेला होता, ते निसटलं. काय निसटलं? 'मारतो' म्हणाला असेल तर? तिने दोघांच्या मध्ये स्वतःला घातलं. पिस्तुलाचं तोंड तिच्या खांद्याला लागलं. ती बोलत होती, पण काय आणि केवढ्याने ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

मग हार्लनने तिच्या खांद्याला धरून तिला हलकेच आपल्याकडे वळवलं. त्याने दोन्ही हात वर नेले आणि मिशी दोन बोटांनी दोन्हीकडे वर उचलून धरली, विकायच्या घोड्याचे दात दाखवायला ओठ उचलतात तशी.

"हो, ओर्फा," तो म्हणाला. सावकाश, एकेक शब्द तिला मिळेल असा. "मीच. रोज सांगायचं म्हणून उठायचो."

"आणि सकाळी? एसानं सांगितलं तेव्हा?"

"वाटलं, दारात मीच मध्ये पडेन. गोळी मला लागेल. म्हणजे सांगायला नको."

ते खरं होतं का? ओर्फाला आजवर ठरवता आलेलं नाही. पण त्या क्षणी तिच्या मनात कणव नव्हती, हे तीच सांगते. तिने त्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हटलं, "माझ्या पोराच्या हातातलं ते काढून घे. आणि मग माझ्या नजरेसमोरून जा."

हार्लनने मिशी सोडली. त्याने एसापुढे हात धरला. एसाचा हात आधी ताठ होता, मग खाली आला. लहानपणी खोड्या करताना पकडला गेला की हातातली वस्तू द्यायचा तसं त्याने पिस्तूल काकाच्या तळव्यावर ठेवलं आणि मटकन बसला. हार्लनने हॅट घातली. वाटेने जाताना मॅब्रींनी त्याला जागा करून दिली. दार उघडलं, आत ऊनच ऊन झालं, चादर पांढरी पडली, दार मिटलं.

ओर्फा एसाजवळ बसली. तो रडत होता, आणि त्याचा हात रिकामा होता. तिने तो रिकामा हात उलटसुलट करून पाहिला, गालाला लावला. पलीकडे टोब मॅब्री जिवंत होता, गुडघ्यांत डोकं घालून बसलेला. एबेनने आपल्या माणसांना खाली बसवलं होतं. वाचलं, ती मनाशी म्हणाली. माझं पोर वाचलं. वर्षभरात पहिल्यांदाच तिला पोटभर श्वास घेता आला.

लोकांना गुंतवावं म्हणून फोगर्टीने घाईघाईने घोंगडी पाडली आणि तिसरं रीळ सुरू केलं. चादरीवर दोन्ही घराणी घोड्यांवरून एकमेकांवर धावून आली. बंदुका उडत होत्या, धुराचे गोळे निघत होते, माणसं पडत होती.

आणि एकदम सगळी डोकी दाराकडे वळली.

समोर इतक्या बंदुका धूर ओकत होत्या, पण चादरीकडे कुणीच बघत नव्हतं. एबेनची मान दाराकडे. टोबची दाराकडे. फोगर्टीचा हात थांबला, चादरीवरचा घोडा हवेत पाय उचलून तसाच राहिला. ओर्फाने एसाकडे पाहिलं. तोही दाराकडेच बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. पिस्तूल कुणाच्या हाती दिलं होतं ते तिला आठवलं. कुणी द्यायला लावलं होतं, तेही.

मग एकेक डोकं दाराकडून सुटून तिच्याकडे वळू लागलं. बायकांनी कानांवर हात ठेवले होते. आपलं तोंड मिटलेलं आहे असं तिला वाटत होतं, त्यामुळे ही माणसं अशी का बघताहेत ते तिला समजेना.

एसाने तिचं मनगट हातात घेतलं आणि त्यावर दोनदा बोट टेकवलं, डेल टेकवायचा तसं.